दोर कोण धरन?

तासभर रंधा मारल्याशिवाय तेजराम मिस्त्रीचा दिवस सुरू होत नसे. पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेला, राइस मिलच्या हमालांच्या संघटनेचा अध्यक्ष, आणि यंदा जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी ज्याचं नाव भंडाऱ्यात चालू होतं असा हा माणूस रोज सकाळी मोहाडीतल्या आपल्या अंगणात कमरेला गमछा गुंडाळून सागाची फळी सोलत उभा असायचा. कामं घेऊन आलेले लोक बाकड्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, बघा, माणूस अजून बदलला नाही. मिस्त्रीला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगा, लोक यायची वेळ झाली की मगच तो रंधा हातात घ्यायचा.

त्या दिवशी बाजार होता. कार्तिकातली थंडी, अंगणात ऊन नुकतंच उतरलेलं. सगळ्यांच्या आधी आली ती प्रेरणा. हातात ओली पिशवी, पिशवीत कालच तलावातून काढलेले हिरवे शिंगाडे. मिस्त्रीची बायको कौशल्या हिने पिशवी घेतली आणि शिंगाडे उकडायला चुलीवर चढवले. गेली वीस वर्षं हंगामाचे पहिले शिंगाडे या घरी यायचे, आणि ते घेऊन यायची प्रेरणाची आई पंचफुला. दारातूनच हाक मारायची, पायरीवर बसून चहा प्यायची, मिस्त्रीच्या भाषणांची नक्कल करून कौशल्याला हसवायची. यंदा ती येऊ शकत नव्हती. तिच्या गावचा ऑटोवाला तिला बसवत नव्हता.

"भाऊ, आई एकटीच उतरून राहिली पाण्यात," प्रेरणा म्हणाली. "दोर आजी धरते. आजीले दिसत नाही, तुमाले मालूम आहे. तुमी बुधराम काकाले एक शब्द सांगा ना. आईशी बोलू नका म्हणा, पण दोरापुरता एक माणूस द्या."

मिस्त्रीने रंधा थांबवला नाही. शुक्रवारी तिकिटाची बैठक आहे, ती एकदा पार पडू दे, शनिवारी मी स्वतः जातो, असं त्याने सांगितलं. प्रेरणाने "शनिवारी" एवढंच म्हटलं आणि चहा न घेता निघाली. कौशल्या चुलीपुढून उठून दारापर्यंत आली, पण तोवर पोरगी रस्त्याला लागली होती.

आता हा मिस्त्री कोण आणि त्या बाईच्या दोराशी त्याचा काय संबंध, हे आधी सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी राजनांदगावकडून एका दूरच्या मामाबरोबर तो मोहाडीत आला, हातमाग दुरुस्त करायला. वय एकोणीस, अंगात दोन कपडे, पेटीत पटाशी आणि रंधा. छत्तीसगढी सोडून दुसरी भाषा येत नव्हती. पोरं त्याच्या मागे मागे फिरून त्याच्यासारखं बोलून दाखवायची. ज्या घरचे माग तो ठाकठीक करायचा त्या घरची कौशल्या. तिने त्याला मराठी अक्षरं शिकवली, मागाच्या खड्ड्याशेजारी पाटीवर गिरवून घेतली, आणि पुढे घरच्यांशी भांडून त्याच्याशी लग्नही केलं. त्याचं अक्षर असं वळणदार झालं की तहसीलमधले बाबूसुद्धा अर्ज त्याच्याकडून लिहून घ्यायला सांगत.

माग एकेक करून बंद पडले. मग तो करडी गावाच्या पलीकडे, तलावाच्या पाळीला म्हणजे बांधाला लागून असलेल्या पाळटोलीत जाऊन मासेमारांचे डोंगे बनवू लागला. दुसरीकडे मिलमधल्या हमालांच्या पाठी बघवेनात, म्हणून पोत्याचं वजन कमी करा म्हणून भांडला, एकवीस दिवस मिलच्या फाटकासमोर बसला. तिथून माणूस पुढारी झाला. त्याची रीत ठरलेली: मागायचं सगळं, घ्यायचं अर्धं, आणि घेतलेलं त्याच बैठकीत लिहून घ्यायचं. तोंडी शब्दावर मालक पलटतो, लिहिलेल्यावर पलटत नाही, असं तो पोरांना शिकवायचा. या रीतीने त्याने शेकडो घरांत चूल पेटती ठेवली, हे कोणी नाकारू नये.

पाळटोलीची मच्छीमार सोसायटीही त्यानेच उभी केली. शिंगाड्याच्या वेलांचं पाण्याखाली रान माजतं. डोंगा कलंडला आणि पाय वेलात गुंतला की पट्टीचा पोहणाराही वर येत नाही. म्हणून डोंग्याला लांब दोर बांधतात, आणि दोराचं टोक पाळीवर उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात असतं. पाण्यातल्याने डोंग्याला धरून हाक दिली की पाळीवरच्याने ओढायचं. वीस वर्षांपूर्वी दोन भाऊ जोडीदाराशिवाय उतरले आणि बुडाले. तेव्हा मिस्त्रीने सोसायटीच्या नियमात घातलं की जोडीशिवाय कोणी पाण्यात उतरणार नाही. सोसायटीच्या भिंतीवर ते निळ्या रंगात स्वतः लिहिलं. अजून आहे तिथं.

तर प्रेरणाचं असं झालं. बाप लहानपणीच गेलेला. पंचफुलाने शिंगाडे विकून पोरीला भंडाऱ्याला नर्सिंगला घातली. ज्येष्ठात तिने मोहाडीच्या हातमागवाल्या घरातल्या अंकुरशी कोर्टात लग्न केलं. पोळा झाल्यावर टोलीचे पाच पंच बसले. त्यांचा नियम जुना: जातीबाहेर गेलेली पोरगी मेली असं समजायचं, घरच्यांनी तिच्या फोटोला हार घालायचा, तेराव्या दिवशी जातीला जेवण द्यायचं. पंचफुला पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माही पोरगी जिती आहे. जित्या पोरीची तेरवी मी नाही करत." झालं. पंचांनी तिला जन्माचं वाळीत टाकलं.

पंचांचा मुख्य बुधराम. सोसायटीचा अध्यक्षही तोच, आणि मिस्त्रीचा तीस वर्षांचा जोडीदार. बुधरामने मान हलवली की टोलीची सगळी मतं मिस्त्रीला पडायची. अशा बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, हे मिस्त्रीला चांगलं ठाऊक होतं. त्या कायद्याचं पत्रक सोसायटीच्या दारावर त्यानेच चिकटवलं होतं. पण पोलीस आले की टोली फाटणार, केस दहा वर्षं चालणार, बाई मधल्यामध्ये भरडली जाणार, असं त्याने स्वतःला समजावलं. टोली फाटली तर मतंही फाटणार, हे त्याने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नाही. त्याने आपलं नेहमीचं केलं. पंचांना आणि पंचफुलाला सोसायटीच्या सतरंजीवर बसवलं आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत हुज्जत घातली.

आणि जिंकला की हो तो. तेरवी टळली. पंचफुलाचा तलावातला शिंगाड्याचा तुकडा तिच्याचकडे राहिला. जन्माची शिक्षा एका वर्षावर आली. उद्या पंचांनी पलटी मारू नये, शिक्षा वाढवू नये, म्हणून त्याने कलमं पाडून कागद केला, एक प्रत पंचांकडे, एक स्वतःकडे. एक वर्ष कोणीही तिच्याशी बोलू नये. विस्तव-पाणी देऊ नये. कामात हात देऊ नये. खाली पाच पंचांच्या सह्या आणि अंगठे, त्याखाली मध्यस्थ म्हणून तेजराम विश्वकर्मा, ठसठशीत.

पंचफुलाने ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मिस्त्रीभाऊ, दोर कोण धरन?"

मिस्त्री पेनाचं टोपण लावत होता. "एका वर्साचा तर प्रश्न आहे, बाई," तो म्हणाला. "निघन काहीतरी." आणि गाडीला किक मारून खुशीत घरी आला.

इथेच सगळं चुकलं, आणि अशी चूक कागदावर जगलेल्या माणसाच्याच हातून होते. टोलीत याआधी कुणाला वाळीत टाकलं नव्हतं असं नाही. पण ते कधी लिहिलेलं नसायचं. शेजारीण कुंपणावरून भाजी सरकवायची. पाळीवरचा माणूस तिकडे बघतच नसल्यासारखा दोर धरायचा. पंच खोकून मान वळवायचे. रूढी वाईटच होती, पण तिला भोकं होती, आणि त्या भोकांतून माणसं वर्ष काढायची. मिस्त्रीने आपल्या सुंदर अक्षरात ती सगळी बुजवून टाकली. आता कुणी हात दिला तर कलम मोडलं म्हणून त्याच्यावरच पंच बसणार होते. सगळे कागदाला भ्यायले.

बाजाराच्या त्या दिवशी साडेअकराला मिस्त्री तहसीलमध्ये अर्ज देत होता, तेव्हा बुधरामच्या मुलाचा, लिलाधरचा फोन आला. लिलाधरला धड बोलता येत नव्हतं. "भाऊ, पंचफुला काकू" एवढंच तो दोनतीनदा म्हणाला. मिस्त्रीने पंचवीस मिनिटांत पाळटोली गाठली, पण घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पंचफुला पाळीवर होती, लिलाधरचा गमछा तोंडावर टाकलेला. पायाभोवती शिंगाड्याचे वेल तसेच. दहा हातांवर तिची सासू रेवताबाई बसली होती, सत्तरीची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या हातात अजून दोर होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला डोंगा काठाला लागला होता, उलटा. बाकीची टोली पिंपळाखाली उभी होती, आणि त्या म्हातारीजवळ एकही माणूस गेला नव्हता. रडणाऱ्या बायासुद्धा तिकडेच उभ्या राहून रडत होत्या.

काय झालं ते मिस्त्रीला तुकड्यातुकड्यांत कळलं. डोंगा कलंडला. पंचफुलाने हाक दिली. म्हातारीने जीव खाऊन दोर ओढला, डोंगा आला, रिकामा. मग ती ओरडत सुटली, धरा रे, कोणी धरा रे, माही सून बुडून राहिली. पन्नास हातांवर दोन डोंगे होते. एकात लिलाधर. त्याने हाक ऐकली आणि पाळीवर बसलेल्या बापाकडे बघितलं. बापाने मान खाली घातली. तो किती वेळ बघत राहिला हे त्याला स्वतःला सांगता येईना. मग त्याने उडी मारली. वेल तोडून तिला वर काढली तेव्हा फार उशीर झाला होता. आता तो ओल्या कपड्यांनी सोसायटीच्या भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे दात वाजत होते. त्याच्या डोक्यावर भिंतीवरची निळी अक्षरं होती.

मिस्त्री रेवताबाईजवळ गेला. माय, दोर सोड आता, म्हणून तिच्या मुठी उघडू लागला. तळव्यांची सालं निघाली होती. तिने आवाज ओळखला.

"मी वोढला, मिस्त्री," ती म्हणाली. "मी सोडला नाही. सांगजा त्याइले, मी सोडला नाही."

मिस्त्री उकिडवा बसून तिचे हात धरून राहिला.

पोलीस आले, पंचनामा झाला, प्रेत तपासणीसाठी मोहाडीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तेव्हा बुधरामने मिस्त्रीला पिंपळामागे बोलावलं. बुधराम काही राक्षस नव्हता. त्याचे डोळे लाल होते आणि हातातली बिडी विझली तरी त्याला कळलं नव्हतं.

"पंचफुला याच टोलीची लेक, माह्या हातावर लहानाची मोठी झाली, मिस्त्री," तो म्हणाला. "पण मी काय करतो? कागद होता ना. बोलू नये, कामात हात देऊ नये. तुमच्याच अक्षरात. मी मुख्य पंच, मीच मोडला असता त मंग पंच कायचा?" मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाला, "पाय घसरला, असं पोलिसाले सांगून टाकलं आमी. मी माह्यापासचा कागद चुलीत घालतो. तुमी तुमचा घाला. तिची माती आमी जातीनं करू, मेल्यावर कोणी वाळीत राहत नाही. पोरीलेही येऊ देऊ. शुक्रवारी तुमची बैठक आहे. कायले चार घरं अजून बुडवता?"

ऐकलंत ना? अर्धं घ्या आणि मिटवा. मिस्त्रीनेच तीस वर्षं शिकवलेली रीत बुधराम त्याला परत करत होता. मिस्त्रीने मान हलवली की नाही, हे त्याला नंतर आठवेना.

घरी आला तेव्हा सकाळचे उकडलेले शिंगाडे परातीत तसेच होते, वर झाकण. कौशल्याला बातमी कळली होती. ती प्रेरणाकडे जाऊन आली होती आणि पदर अजून ओला होता. मिस्त्रीने कपाटातली फाइल काढली, फाइलमधला कागद काढला आणि चुलीपाशी पाटावर बसला. कौशल्याने तो त्याच्या हातातून घेतला. ती सावकाश वाचत गेली, पाटीवरचं वाचून दाखवायची तशी.

"कामात हात देऊ नये," तिने वाचलं. "हे वाक्य पंचाइचं का तुमचं?"

"त्याइनं म्हणलं. मी लिवलं."

"अक्षर मी शिकवलं तुमाले," कौशल्या म्हणाली. तिने कागद त्याला परत दिला आणि चूल फुंकायला घेतली. जाळायचा तर जाळा, असंच ते होतं. सकाळी ती पोरगी इथेच उभी होती आणि आपण तिला शनिवार दिला, हे मिस्त्रीच्या डोक्यातून जाईना. त्याच वेळी रंधा टाकून गाडी काढली असती तर? तासाभराचं काम. नुसता पाळीवर उभा राहिला असता तरी कुणीतरी दोर धरला असता, निदान तो स्वतः तरी. चुलीतली लाकडं जळून गेली, भात शिजला, आणि कागद त्याच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी अंगणात लोक येऊन बसले, पण मिस्त्रीने रंधा हातात घेतला नाही. कागद खिशात घालून तो सरळ पोलीस ठाण्यात गेला. तिथे बाकावर रेवताबाई आधीच बसली होती, तक्रार द्यायला आलेली, हातांना प्रेरणाने बांधलेल्या पट्ट्या. शेजारी प्रेरणा, रडून डोळे सुजलेली. तिने मिस्त्रीकडे बघितलं आणि मान फिरवली. तो तसाच हवालदाराच्या टेबलापाशी गेला.

हवालदार अदबीने उठला, खुर्ची दिली, चहा सांगितला. अपघाताची नोंद झालीच आहे, सोसायटीकडून मदत मिळत असेल तर अर्ज करा, म्हणाला. मिस्त्रीने कागद टेबलावर उलगडला आणि गुन्हा लिहून घ्या म्हणून सांगितलं. सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे, त्याखाली, आणि त्यामुळे झालेल्या मरणाबद्दल. हवालदाराने कागद वाचला. वाचता वाचता खालच्या सहीवर आला आणि थांबला.

"मिस्त्रीभाऊ, यात तर तुमचीच सही आहे."

"हो. आरोपीत पहिलं नाव माहं लिहा. तेजराम विश्वकर्मा, धंदा सुतारकाम. पंचाइचे पाच नावं त्याच्याखाली."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या भावाला मिस्त्रीनेच मिलमध्ये कायम करून दिलं होतं. तो समजुतीने बोलू लागला. तुम्ही आमचे माणूस, दुःखात आहात, असं डोकं फिरतं. साहेब भंडाऱ्याला गेलेत, ते आल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही. तुम्ही घरी जा, मी फोन करतो. मिस्त्री म्हणाला, मी इथंच बसतो, आणि रेवताबाईशेजारी बाकाच्या टोकाला जाऊन बसला. तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला. भंडाऱ्याहून होता, तिकीटवाल्यांचा. तो वाजून वाजून थांबला. मग बुधरामचा आला. मग परत भंडाऱ्याचा.

दुपार झाली. आज साहेब येत नाहीत, असं हवालदाराने येऊन सांगितलं. उद्याही त्यांचा बंदोबस्त आहे. कागद टेबलावर तसाच पडून होता, पंख्याने उडू नये म्हणून त्यावर कुणीतरी चहाचा रिकामा कप ठेवला होता. मिलच्या फाटकासमोर एकवीस दिवस बसला तेव्हा मिस्त्रीच्या मागे तीनशे हमाल होते. इथं एक आंधळी म्हातारी होती आणि जिला तो दिसायला नको होता अशी एक पोरगी. बाहेर रस्त्यावरून ओळखीचे लोक जात होते, आत डोकावत होते आणि पुढे जात होते.

रेवताबाईने पट्टी बांधलेला हात चाचपडत बाकावर पुढे सरकवला. तो मिस्त्रीच्या गुडघ्याला लागला.

"लिवलं का, मिस्त्री?" तिने विचारलं.

"नाही, माय. अजून नाही."

म्हातारीने पाय वर घेतले, लुगडं गुडघ्यांभोवती आवळलं आणि भिंतीला पाठ टेकली.

"मंग बसू," ती म्हणाली. "मी काही सोडत नाही."